तंत्रस्नेही सर

जिल्हा परिषद शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक तरी तंत्रस्नेही सर असतात. ही पदवी कुठल्या विद्यापीठाची नाही. २०१५ साली 'सरल' आलं, मुलांची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली आणि "त्यात काय एवढं!" असं जो पहिल्यांदा बोलला, त्याच्या गळ्यात ती पडली. आमच्या सरांच्या गळ्यात ती अशीच पडली. तेव्हापासून शेजारच्या चार शाळांचे पासवर्ड त्यांना तोंडपाठ आहेत. मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर ओटीपी आला, की ते मोबाइलसकट एक पोरगा सरांच्या वर्गाकडे पळवतात.

२०२३ सरता सरता हजेरी चॅटबॉटवर आली. सर हरखले. मग कॅटलॉग बंद झालं म्हणता? छे! आधी कॅटलॉगात हजेरी, मग बॉटवर, मग पोषण आहाराच्या ॲपवर जेवणारांचा आकडा. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ; तिन्हीकडचा मेळ बसलाच पाहिजे. ताईच्या मागे येऊन पंगतीत बसणारा शेंबडा भाऊ मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला सर ताईच्याच ताटात बसवतात.

"सोन्या का नाही आला रे?"

"सर, त्यांची शेळी व्याली."

सरांचं बोट स्क्रीनवर अडतं. मोबाइलला हजर कळतं, गैरहजर कळतं. शेळी कळत नाही. सर गुपचूप कॅटलॉगाच्या कडेला पेन्सिलीने 'शेळी' लिहितात. त्या समासात डोकावलं तर अख्खं गाव सापडेल: बाजार, मामाचं लग्न, कांदे काढणी, आणि दिवाळीनंतर दोन-तीन नावांपुढे एकच ओळ, 'कारखान्यावर, टोळीबरोबर'.

अकराच्या सुमारास ग्रुपवर केंद्रप्रमुखांची यादी पडते: 'अद्याप माहिती न भरलेल्या शाळा.' तीत आपलं नाव आजवर आलं नाही, याचा सरांना कोण अभिमान! वर्गात रेंज नाही, म्हणून मॉनिटरला पाढे घ्यायला सांगून ते पाण्याच्या टाकीवर चढतात. एक हात शिडीला, दुसरा आभाळाकडे. "सबमिट झालं!" अशी आरोळी आली, की खाली सतरा नव्वे पाशी अडलेला वर्ग टाळ्या वाजवतो.

परवा साहेब तपासणीला आले. ऑनलाइन हजेरी चोख, आकड्यांचा मेळ चोख. साहेब खूष झाले. सहज म्हणून त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "तुमचे सर रोज शाळेत येतात ना?"

"येतात की," ती म्हणाली, "पण वर असतात."