आंतरजालाची मोजणी

भूमि अभिलेख खात्यात तेहतीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेल्या मनुष्याला दोन सवयी मरेपर्यंत सोडत नाहीत : एक, कोणाच्याही तोंडी शब्दावर विश्वास न ठेवण्याची, आणि दुसरी, ज्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याचा तक्ता करण्याची. त्यामुळे बंगळूरला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी, "बाबा, आता तरी घरी ब्रॉडबँड घ्या, व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसते चौकोन चौकोन दिसता, नातू ओळखत नाही तुम्हाला," अशी तक्रार गुदरली, तेव्हा मी तत्काळ एक फूलस्केप कागद घेऊन त्यावर वेग, मासिक आकार, मुदत, अनामत, अटी आणि शेरा असे सहा रकाने आखले. त्यांत शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवला. कारण सरकारी कागदात सत्य असलेच तर ते बहुधा तिथेच असते.

पहिला घोटाळा वेगाच्या रकान्यात झाला. शंभर एमबीपीएस म्हणजे शंभर एमबीचे चलच्चित्र एका सेकंदात घरी दाखल, असा सरळ हिशेब मी मांडला होता. परंतु शेजारच्या, संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलीने मोठ्या करुणेने समजावले की, जाहिरातीतला 'बी' धाकटा, म्हणजे बिटाचा, आणि माझ्या डोक्यातला 'बी' थोरला, म्हणजे बाइटाचा. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने शंभराचे प्रत्यक्षात साडेबाराच पदरात पडतात. देवनागरीत अक्षरांना थोरले-धाकटेपण नसल्यामुळे आमच्यासारख्यांची ही फसवणूक बिनबोभाट होते. चाळीस गुंठ्यांचा एकर हे ज्ञान असलेल्या खातेदाराला चाळीस गुंठे दाखवून चाळीस एकरांचा भास करून देण्याची कल्पना आमच्या तालुक्यातल्या कोणाही बिलंदराला सुचली नव्हती, हे मला इथे त्या बिलंदरांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

वस्तुतः वेगाविषयी माझ्या अपेक्षा माफक होत्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढे काही वर्षांनी ते आमच्याही घरी आले, तेव्हा मोडेम आर्त स्वरात विव्हळत असे आणि तेवढा वेळ टेलिफोन बंद राहिल्यामुळे सासुरवाडीचे फोन येत नसत; त्या संथ गतीला असा एक मूक फायदा होता. सरकारनेही २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड ही पदवी दिली, आणि २०२३ मध्ये ती किमान दोन एमबीपीएसवर नेली, म्हणजे पात्रता सुमारे आठपट वाढवली. पेन्शनमध्ये अशी वाढ कधी ऐकिवात नाही.

अटींच्या रकान्यात 'अमर्याद' हा शब्द भेटला. त्याच्या मस्तकावर एक तारका होती, आणि त्या तारकेचा माग काढीत मी पत्रकाच्या तळाशी गेलो असता, ३,३०० जीबीनंतर वेग कमी केला जाईल, असे मुंगीच्या अक्षरांत आढळले. महिन्याचे दिवस तीस धरले तरी रोजचे एकशे दहा जीबी झाले. दुपारची वामकुक्षी वगळता ते कसे संपवावे, या विवंचनेत मी असताना सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून आज्ञा केली, "अहो, तक्ता झाला असेल तर गिरणीतून दळण घेऊन या." शिवाय मासिक आकारावर अठरा टक्के जीएसटी निराळा, आणि 'मोफत' जोडणीसाठी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. ज्या मोफत वस्तूसाठी आगाऊ रक्कम भरावी लागते, तिला आमच्या खात्यात नजराणा म्हणत.

अखेर पूर्ण विचारांती एका कंपनीची जोडणी घेतली, आणि तिच्यावर सर्वस्वी विसंबणे गैर म्हणून, खबरदारीखातर, दुसऱ्या कंपनीचीही एक स्वस्तातली. दोन्ही जोडण्या करायला एकच मुलगा आला. पहिल्या वेळी निळा सदरा, दुसऱ्या वेळी तांबडा. शिडी मात्र तीच.

जुलैच्या एका मुसळधार संध्याकाळी, नातू पहिल्यांदाच "आजोबा" म्हणणार होता नेमक्या त्या क्षणी, दोन्ही यंत्रांवर लाल दिवे लुकलुकू लागले. मदतकेंद्रातील मधुर कंठाने राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याची सूचना तीनदा दिली. मी तिचे तीनदा पालन केले. तासाभराने तो मुलगा भिजत आला, गच्चीवर गेला आणि खाली येऊन म्हणाला, "काका, जांभळाची फांदी पडलीय. दोन्ही फायबर तिच्यावरनंच आणलेल्या."

"अरे, पण दोन कंपन्या ना?"

"कंपन्या दोन आहेत हो काका, झाड एकच आहे ना!"

त्याने चिकाटीने ती काचेची तंतुवाद्ये जोडली, चहा घेतला आणि गेला. त्या रात्री मी तक्ता बाहेर काढून पाच रकान्यांवर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात त्या मुलाचा मोबाइल नंबर ठळक अक्षरांत लिहिला. जांभळाच्या उरलेल्या फांद्या छाटायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. तो अर्ज दोन प्रतींत तयार आहे.