आज्यांचं प्रदर्शन

पंचवटीत आज्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तर अडचण जागेची येणार नाही, आज्यांचीच येईल. सकाळी रामकुंडावर जा. एकीच्या हातात फुलांची परडी, दुसरीच्या पिशवीत वातींचा पुडा. गोदावरीला गोदावरी म्हणणारी क्वचितच. बहुतेक जणी 'गंगेवर' आलेल्या. त्यांना म्हणा, तुमच्या आयुष्यावर प्रदर्शन आहे. "आमचं काय मेलं बघायचंय!" म्हणतील, आणि पाठोपाठ बजावतील, "मांडायचंच असेल तर नीट मांडा. धूळ पुसून."

वस्तू मांडता येतात. पुण्यात काका केळकरांनी जन्मभर तेच केलं. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, असं काय काय गावोगाव हिंडून जमवलं आणि 1975 साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. संग्रहालयाला नाव त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं; आतला बराचसा ऐवज मात्र घरोघरच्या आज्यांचा. पण काचेआडचा अडकित्ता गप्प असतो. सुपारीबरोबर अख्ख्या गल्लीचं जे कातरकाम चालायचं, ते कुठल्या कपाटात मांडणार?

आजी मागे ठेवते त्या खरं तर सूचना. नाशिकला याचा जुना अनुभव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी उतारवय इथेच काढलं. विश्वासराव 1761 साली पानिपतावर पडले, माधवराव 1772 साली क्षयानं गेले, नारायणरावांचा पुढच्याच वर्षी खून झाला. तिन्ही मुलगे गेले. पुण्यात गादीवर उरला नातू, सवाई माधवराव. त्याला या आजीनं पत्रातून लिहून धाडलं, दिवसभर कसं वागावं ते. नातू पेशवा झाला म्हणून काय झालं? कारभार पाहायला नाना फडणवीस होते. वळण लावायला आजीच हवी.

तेव्हा प्रदर्शन जरूर भरवा, पण पाट्या रंगवत बसू नका. दारात एक आजी बसवा. चपला कुठे काढायच्या, ते तीच सांगेल. 'हात लावू नये' हा नियम तर लोणच्याच्या बरणीपाशी तिनं केव्हाच लागू केलेला आहे. फक्त निघायची घाई करू नका. तुमचं प्रदर्शन पाहून झालं, की आजी तुम्हाला पाहायला घेईल: कुणाची तू, इतकी वाळलीस का, आणि जेवून आलीस की नाही.