पुठ्ठा लावा, भावोजी!

सिंहगडावर जाण्याची पुणेकरांची कारणं ठरलेली आहेत. कुणाला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे डोकं टेकायचं असतं, कुणाला वजन उतरवायचं असतं आणि बाकी सगळ्यांना पिठलं-भाकरी अन् मडक्यातलं दही खाऊन ते पुन्हा चढवायचं असतं. आमचे मेहुणे मात्र तिथे तेल तापवायला जातात.

तेल म्हणजे इंजिनातलं. मेहुण्यांकडे सॅन स्टॉर्म आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची, उघडी स्पोर्ट्‌स कार. आता ती इतकी दुर्मीळ झाली आहे की दिसली की लोक आधी टिचकी मारतात आणि मग विचारतात, "प्लॅस्टिकची आहे का हो?" बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, अश्वशक्ती ६०. हा आकडा काही छाती दडपणारा नाही. पण गाडी हलकी असली की साठ घोडे पुरतात, असं मेहुण्यांचं शास्त्र. लोटसचे कॉलिन चॅपमन हे त्यांचं कुलदैवत. त्यांनी १९५७ साली काढलेल्या लोटस सेव्हनमध्ये चार चाकं, इंजिन आणि टेकायला जागा यापलीकडे फारसं काही नव्हतं. मेहुण्यांनीही तेच व्रत घेतलं आहे. स्टेपनी घरी, जॅक घरी, कापडी टपही घरी. बायकोने चहाचा थर्मास दिला होता, तो त्यांनी हातात तोलून पाहिला आणि तिला परत केला.

जानेवारीतला रविवार. सदाशिव पेठेतून उजाडताच निघालो. मी माकडटोपीत. माझ्या गुडघ्यांपाशी, डॅशबोर्डच्या खाली, मागाहून बसवलेला एक गोल काटा होता. गाडीचा मूळचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, हा तेलाचं. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, कारण भोक पाडायला जागा तेवढीच होती. वाचनाचं काम माझ्याकडे.

"चौदा," मी म्हणालो.

"ऐंशी होईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर जायचं नाही," मेहुणे म्हणाले आणि आम्ही टिळक रोडवर वरातीच्या चालीने बाहेर पडलो.

एस. पी. कॉलेज येईतो पाण्याचा काटा निम्म्यावर येऊन बसला. सामान्य माणसं यालाच गाडी तापली म्हणतात. तेल तेव्हा ३१ वर होतं. मेहुण्यांनी मला समजावलं, की पाणी फक्त सिलिंडरच्या भोवती आणि हेडमध्ये फिरतं. पिस्टनची पोटं आणि क्रँकशाफ्टचे बेअरिंग यांचा वाली तेलच. ते गार असलं की घट्ट, पोचायला उशीर करतं. फार तापलं की इतकं पातळ होतं की धातूवरचा पापुद्रा टिकत नाही. डब्यावर १०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला ४० हा १०० अंशांना मोजलेल्या दाटपणाचा. म्हणजे ३१ अंशांना त्या चाळिसावर विसंबण्यात अर्थ नाही.

दांडेकर पूल ओलांडला. सिंहगड रोड रिकामा होता. हे वाक्य मी पुन्हा लिहू शकेन असं वाटत नाही, म्हणून पुन्हा लिहितो: सिंहगड रोड रिकामा होता. सिग्नल हिरवे, उड्डाणपूल मोकळा, आणि आम्ही ताशी पस्तीसने. गडाकडे निघालेला सायकलवाल्यांचा घोळका आम्हाला मागे टाकून गेला. मग स्कूटरवरचे एक काका शेजारी आले. आमची गाडी इतकी बुटकी, की त्यांचा गुडघा माझ्या कानाशी.

"नवी घेतली?"

"पंचवीस वर्षांची आहे."

"मग बरोबर," म्हणाले आणि निघून गेले.

"अरे, निदान हीटर तरी लाव," मी दात वाजवत म्हणालो.

"हीटर इंजिनाची ऊब पळवतो, भावोजी. आधी तेल, मग आपण."

धायरी फाट्याला काटा ५८ वर येऊन अडला, तो हलेचना. याचं कारण ऑइल कूलर. घाटात तेल भडकतं म्हणून मेहुण्यांनी पुढच्या जाळीमागे छोटा रेडिएटर बसवून घेतला आहे. शहाणी माणसं त्याच्या वाटेत थर्मोस्टॅट घालतात. तेल तापेपर्यंत तो कूलरची वाट जवळजवळ बंद ठेवतो. मेहुण्यांनी थर्मोस्टॅट घातला नाही. वजन वाढतं. त्यामुळे थंडीत तेल सारखं गार होत राहतं आणि कूलरपुढे पुठ्ठा लावावा लागतो. पुठ्ठा म्हणजे एका मिठाईच्या खोक्याचं झाकण, दुकानाचं नाव वर ठळक. तो लावायला आणि काढायला मी. काही ग्रॅम वाचवून त्यांनी ८४ किलोंचा थर्मोस्टॅट शेजारी बसवला होता.

"ऐंशीच्या खाली राहून चालत नाही," मी गुडघे झटकून परत बसल्यावर ते म्हणाले. "तेलात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. नव्वद ते एकशे दहा, हे खरं सुख. एकशे तीसच्या पुढे तेल नासायला लागतं."

खडकवासल्याला मी ओरडलो, "ऐंशी!" मेहुण्यांनी स्टिअरिंगवरची पकड नीट केली, गिअर टाकला आणि त्याच क्षणी समोर अख्खं पुणे उभं राहिलं. कणसं भाजली जात होती, धरणाच्या पाण्याबरोबर सेल्फी चालले होते आणि रस्ता गच्च तुंबला होता. इथेच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नद्यांची आणि धरणांची छोटी प्रतिरूपं करून पाणी कुठे अडेल, कुठे वळेल, ते आधीच ताडतात. दारातल्या मोटारी त्यांच्या कक्षेत येत नसाव्यात. रस्ता होता तेव्हा तेल नव्हतं, तेल झालं तेव्हा रस्ता नव्हता. मेहुणे गप्प बसले.

गोळेवाडीचा नाका ओलांडून घाट लागला आणि पुढे एक प्रवासी जीप आली. पहिला गिअर, इंजिन किंचाळतंय आणि वारा नावाला नाही. कूलरला वारा लागतो. नुसता बसवून तो गार करत नाही.

"एकशे चार. एकशे अकरा."

"पुठ्ठा काढा, भावोजी."

वळणावर उतरून पुठ्ठा काढला. कठड्यावरच्या माकडाने माझ्या टोपीकडे आपुलकीने पाहिलं. परत बसलो तर ११७.

"हीटर लावा."

"आता?"

"इंजिनातली उष्णता तेवढीच बाहेर पडते."

तोवर ऊन चढलं होतं. वरून सूर्य, खालून हीटर, आणि मी टोपी, मफलर, स्वेटर या क्रमाने कमी होत वर पोचलो. काटा १२१.

वाहनतळावर मेहुण्यांनी गाडी बंद केली नाही. टर्बोच्या इंजिनाला असं थोडा वेळ चालू ठेवतात, तापलेल्या टर्बोत अडकून तेल जळू नये म्हणून. आमच्या इंजिनाला टर्बो नाही. "तरी सवय असावी," ते म्हणाले. "काका, बंद करा नाहीतर पुढं घ्या," तिथला पोऱ्या म्हणाला. कल्याण दरवाजा राहिला, तानाजी कडा राहिला. मेहुणे घासागणिक उठून किल्ली फिरवून काटा बघून येत होते. पिठलं गार झालं, तेल झालं नव्हतं.

उतारावर उलटी तऱ्हा. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, वारा मात्र भरपूर. ९६, ८८, ७९. डोणज्याला पुठ्ठा लावला. आनंदनगरच्या सिग्नलला दुपारची गर्दी लागली आणि काटा ११३ वर.

"पुठ्ठा, भावोजी, लवकर!"

मी उतरून गाडीच्या नाकाशी गुडघे टेकले. पुठ्ठा जाळीत रुतला होता. मागून हॉर्नचा गजर. शेजारच्या रिक्षातल्या आजी वाकून म्हणाल्या, "पूजा भर सिग्नलवर? घरी करायची ना!"

पुठ्ठा सुटला. तो हातात धरून मी उभा राहिलो. रिक्षावाल्याने त्यावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि तळहात पुढे केला.

"अभिनंदन. अर्धाच द्या, शुगर आहे."