लिओनिडासचं चिलखत आणि माझा दंड

आमच्या घरी प्राचीन ग्रीक योद्ध्यांचा सिनेमा लागला की आधी माझ्या हातातला रिमोट काढून घेतात. घरच्यांचंही चुकत नाही. २००७ साली आलेला तो ‘थ्री हंड्रेड’ घ्या. लिओनिडास राजा चामड्याचा लंगोट आणि लाल झगा एवढ्यावर इराणचा बादशहा झर्क्सिस याच्याशी लढायला निघतो, तेव्हा मला गप्प बसवत नाही. स्पार्टाचा सैनिक शिरस्त्राण, छातीला चिलखत, पोटऱ्यांना ब्राँझचे पत्रे आणि हातात भलीमोठी ढाल अशा थाटात लढायचा. ज्या माणसाला भाल्यांच्या जंगलात शिरायचंय तो पोट उघडं टाकून कशाला जाईल?

“अहो, त्या पोटासाठीच तर लोक बघतात,” ही म्हणाली. आईनं जपमाळ थांबवून विचारलं, “थंडी नाही का रे वाजत यांना?”

शेवटी मुलीनं तोडगा काढला : बाबांनी सिनेमा थांबवला की पन्नास रुपये दंड. कल्पना तिची नव्हे, ‘ट्रॉय’ची. त्या सिनेमात ब्रॅड पिट अकिलीस आणि एरिक बाना हेक्टर. द्वंद्वाच्या चित्रीकरणाआधी दोघांनी म्हणे करार केला : चुकून लागलेल्या हलक्या फटक्याला पन्नास डॉलर, जोराच्या फटक्याला शंभर. अखेर पिटनं साडेसातशे मोजले, बानाला छदामही द्यावा लागला नाही. वर याच सिनेमाच्या काळात पिटला दुखापत झाली ती नेमकी टाचेमागच्या, अकिलीसच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या शिरेला. एखाद्या लेखकानं पटकथेत हे लिहिलं असतं तर निर्मात्यानं ‘फार होतंय’ म्हणून खोडलं असतं.

‘ट्रॉय’नं माझा बराच पैसा खाल्ला. मेलेल्यांच्या डोळ्यांवर नाणी ठेवतात, पन्नास. ट्रोजन युद्ध परंपरेनं इसवी सनपूर्व १२००च्या आसपासचं, आणि नाणी आली त्यानंतर पाचेकशे वर्षांनी. ट्रॉयच्या बाजारात चक्क लामा दिसतो, पन्नास. दक्षिण अमेरिकेतला प्राणी, आणि कोलंबसला अजून अडीच हजारांवर वर्षं अवकाश. दहा वर्षांचं युद्ध पंधरवड्यात उरकलंय. मेनेलाउस ट्रॉयमध्ये मरतो, अगामेम्नॉनही मरतो. आता मूळ कथेत मेनेलाउस हेलनला घेऊन घरी जातो आणि सुखानं म्हातारा होतो. अगामेम्नॉन विजयी होऊन परततो आणि बायकोच्या हातून मरतो. तो ट्रॉयमध्येच आटोपला तर इस्किलसच्या नाटकांची तिकिटं परत नाही का करावी लागणार? हे मी एका दमात बोललो, तरी मुलीनं प्रत्येक मुद्द्याचे वेगळे पैसे लावले.

‘थ्री हंड्रेड’बद्दल मात्र माझी तक्रार चुकांची नाहीच. खरी गोष्ट जास्त रंगतदार असताना खोटी कशाला दाखवली, ही आहे. लिओनिडास तेव्हा, इतिहासकारांच्या अंदाजानं, साठीच्या घरातला. म्हणजे आमच्या सोसायटीत जे गृहस्थ लिफ्ट बंद पडली की वर्गणी मागे घेण्याची धमकी देतात, त्यांच्या वयाचा! ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इराणी हेर टेहळणीला आला, तेव्हा काही स्पार्टन कसरत करत होते आणि काही केस विंचरत बसले होते. झर्क्सिसला हसू आवरेना. त्याच्याकडे आश्रयाला असलेल्या स्पार्टाच्याच माजी राजानं, डेमॅरॅटसनं, समजावलं की हे लोक मरायला सज्ज झाले की केसांची निगा राखतात. असा प्रसंग हाताशी असताना सिनेमात गेंडा कशाला आणायचा? स्पार्टाचे एफोर म्हणजे दरवर्षी निवडून येणारे पाच अधिकारी. सिनेमात ते डोंगरावर राहणारे, अंग सडलेले, लाचखाऊ म्हातारे आहेत. निवडून आलेल्यांबद्दल दिग्दर्शकाचं असं मत का झालं असेल, ते मी समजू शकतो. इथे मी दंड भरला नाही.

आणि तीनशेच का? थर्मोपिलीच्या लढाईच्या शेवटच्या दिवशी थेस्पिया गावचे सातशे जण आपणहून खिंडीत थांबले आणि मेले. तिथे लिओनिडासचा पुतळा १९५५ साली उभा राहिला, या सातशेंचं स्मारक व्हायला १९९७ उजाडलं. घोषणा देणाऱ्याचा फोटो येतो, सतरंज्या उचलणाऱ्यांचा येत नाही.

झर्क्सिसच्या फौजेत आपलेही लोक होते. हिरोडोटसनं नोंद केलीय : सुती कपडे, वेताची धनुष्यं, आणि रथांना काही ठिकाणी घोडे, काही ठिकाणी चक्क रानगाढवं. सिनेमात हत्ती आहेत, गाढवं नाहीत. माझी देशभक्ती इथे दुखावली.

“पण बाबा, तुमचा हिरोडोटस तरी खरं बोलतो का?” मुलीचा प्रश्न वर्मी लागला. कारण झर्क्सिसनं बाजारबुणगे धरून ५२,८३,२२० माणसं आणली, असं तो बिनदिक्कत लिहितो. शेवटचे वीससुद्धा! स्वयंपाकिणी आणि इतर बायका तर मोजता येणार नाहीत म्हणून त्यानं सोडून दिल्या. एवढ्यांना पाणी पाजायला नद्या पुरल्या नाहीत, हेही तोच सांगतो. कॉम्प्युटरवर सैन्य वाढवणारा ‘थ्री हंड्रेड’चा दिग्दर्शक झॅक स्नायडर त्याच्यापुढे अगदीच हात आखडता घेणारा ठरतो.

माझ्या जातीच्या माणसांचा खरा नायक वेगळाच. ऑलिव्हर स्टोनच्या ‘अलेक्झांडर’ला ऑक्सफर्डचे इतिहासकार रॉबिन लेन फॉक्स सल्लागार होते. त्यांनी घातलेली अट अशी, की घोडदळाच्या चढाईत मला पुढच्या फळीत दौडू द्या. ती मान्य झाली आणि पुस्तकातला अलेक्झांडर ज्यांनी आयुष्यभर जगवला, ते प्राध्यापक त्याच्यामागे भाला घेऊन धावले. याच सिनेमात अलेक्झांडर झालेल्या कॉलिन फॅरेलची आई झालीय अँजेलिना जोली, जी त्याच्याहून जेमतेम वर्षानं मोठी. पण भाला हातात आल्यावर असल्या क्षुल्लक बाबींकडे कोण बघतो? मलाही कुणी घोडा दिला तर मी ट्रॉयमधला लामा पोटात घालीन.

आई मात्र म्हणते, खरा सिकंदर म्हणजे पृथ्वीराज कपूर. १९४१चा ‘सिकंदर’ मुंबईत सोहराब मोदींनी काढला. मोदी पारशी, आणि पारशी परंपरेत पर्सेपोलिस जाळणारा सिकंदर म्हणजे शिव्याशापांचा धनी. त्या मोदींनी त्याला देखणा नायक केलं आणि स्वतः पोरस होऊन त्याच्याशी दोन हात केले. १९६५च्या ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये तर पृथ्वीराजच पोरस झाले आणि सिकंदर झाला दारासिंग!

तो लागला होता परवा. मी तोंड मिटून बसलो होतो. आईच म्हणाली, “थांबव रे जरा. एवढा दारासिंग, त्याला तलवार कशाला दिलीय? उचलून आपटायचा की.”

मुलीनं तिला दंड लावला नाही.