कारंजं आणि पन्नासचा पाढा

बेळगोळ ओलांडलं की कृष्णराजसागर, आणि धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान. दिवे लागले, कारंजी नाचू लागली, की कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा हौशी पाहुणा लाखाचा कॅमेरा ‘ऑटो’वर टाकून व्हिडिओ काढतो. घरी टीव्हीवर पट्टे सरकताना दिसतात. दोष अर्थातच कॅमेऱ्याचा!

आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; पट्टे त्याचेच. सेकंदाला २५ चौकटी, शटर १/५०, की भागलं. कॅननच्या ५डी मार्क २ लासुद्धा हे लगेच जमलं नव्हतं: २००८ साली तो फक्त ३० चौकटींवर अडून बसला, २५ ची सोय २०१० मध्ये फर्मवेअरने झाली.

भर दुपारी मात्र १/५० म्हणजे चित्र पांढरंफटक. त्यावर उतारा एनडी फिल्टर, म्हणजे लाखाच्या कॅमेऱ्याचा गॉगल.

तो गॉगल म्हैसूरच्या लॉजवर राहिलेला असतो.