दिवाळीला येण्यापूर्वी

एडिसन, न्यू जर्सी
कोजागरीनंतरचा रविवार

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार.

अभयच्या ऑपरेशनचं सगळं फोनवर सांगून झालं की तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि शेवटी विचारता, "पण दुपारी पोटभर जेवला ना?" म्हणून हे पत्र. तुम्ही इथे उतरायच्या आत काही गोष्टी कागदावर आलेल्या बऱ्या. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता, कागदावर ती सोय नाही.

आधी मावशींचं. 'अभयची चरबी काढली' असं त्यांनी गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत कळवलंय. चरबीला कुणी हात लावलेला नाही. जठराचाच पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, दुर्बिणीतून कापून बाहेर काढला. आता आत बाहीसारखी एक उभी अरुंद नळी उरलीय, म्हणून याला 'स्लीव्ह' म्हणतात; तीत शंभर-दीडशे मिली मावतं. भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. म्हणजे कोठार लहान झालं आणि वर्दी देणाराही गेला. अभय जन्मात पहिल्यांदा "भूक नाही" म्हणाला, तेव्हा मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"आपल्याकडे सगळेच खात्यापित्या घरचे," हे तुमचं म्हणणं मी सर्जनना सांगितलं होतं. ते म्हणाले, अडचण तीच आहे. आपल्या लोकांच्या अंगात कमी वजनालाच साखर शिरते. १९९१ च्या नियमाप्रमाणे बीएमआय ४० लागायचा, किंवा सोबत आजार असले तर ३५. २०२२ मध्ये नवे नियम आले, त्यात आशियाई लोकांना २७.५ पासूनच हे ऑपरेशन सुचवावं असं म्हटलंय. अभय तर जुन्या नियमातही आरामात बसत होता. शिवाय मधुमेह, आणि रात्री श्वास अडकू नये म्हणून तोंडावर यंत्राचा मास्क लावून झोपणं. ते यंत्र बंद पडलं की तो घोरायचा आणि खालचे शेजारी छताला काठी ठोकायचे.

इन्शुरन्सवाल्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्या बाईंनी विचारलं, "ताण आला की तुम्ही खाता का?" अभय म्हणाला, "तसं काही नाही, आनंद झाला तरी खातो." बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहून घेतलं. पुढे ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं प्रथिनांचं पेय आणि भाज्या, कारण लिव्हर जठरावर पसरलेलं असतं, ते आक्रसलं की सर्जनला वाट मिळते. ते दोन आठवडे घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

ऑपरेशन ठीक झालं. पोटावर छोटे छोटे छेद, टाके म्हणावेत असं काहीच नाही. पण शुद्धीवर आल्यावर अभय पोटाबद्दल अक्षर बोलला नाही, खांदा धरून बसला. मला वाटलं, टेबलावरून पाडला की काय! तर दुर्बीण घालताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, आणि तो गॅस उरला की छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो, आणि त्या पडद्याची कळ खांद्यात उठते. तुम्ही तेव्हा फोनवर ओवा सांगितला होतात. इथे त्यावर औषध म्हणजे चालणं. त्याच संध्याकाळी नर्सने त्याला उठवून कॉरिडॉरमधून फिरवलं. पाठीमागून उघडा असतो तो दवाखान्याचा झगा, एका हातात सलाईनचा खांब, दुसऱ्या हाताने झगा धरलेला. चालण्याने पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोकाही कमी होतो. घरी आल्यावर बाहेर बर्फ होतं, म्हणून तो मॉलमध्ये चालायचा, सकाळी दुकानं उघडायच्या आत. दुकानं उघडल्यावर नाही, कारण तिथे दालचिनीच्या पावांचा वास सुटतो.

मग सुरू झालं पिणं. तीस मिलीचा प्लास्टिकचा इवला कप, आणि तो पंधरा मिनिटांत संपवायचा, घोट घोट. स्ट्रॉ नाही, सोडा नाही, कारण हवा आत जाते. सुरुवातीचे आठवडे चहासुद्धा नाही, हे मी तुम्हाला तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. दिवसभर त्याचं आचमन चालल्यासारखं चाललेलं असायचं. चिनू शेजारी बसून "केशवाय नमः" म्हणायचा आणि अभयला हसू आलं की पोट दुखायचं.

पुढच्या टप्प्यात दूध, ताक, गाळलेलं सूप असे पातळ पदार्थ आले. त्या दिवशी डाएटिशियनशी व्हिडिओवर बोलणं होतं. अभयने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पांढरा रस्सा पातळ पदार्थांत धरतात का?" त्या बिचारीने कशाकशाचा असतो ते विचारून घेतलं. मटणाच्या पाण्यापर्यंत तिचा चेहरा चांगला होता. मग नारळाचं दूध, काजू, खसखस, तूप, अशी यादी पुढे गेली तसा चेहरा पडत गेला. "नंतर," ती म्हणाली, "खूप नंतर." त्या रात्री दीड वाजता मला जाग आली, तर हे महाशय अंधारात फोनवर तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ बघत होते, आवाज बंद करून. भूक नव्हती म्हणे, नुसती आठवण येत होती. त्या दिवसांत तो एकदा-दोनदा "उगाच केलं" असंही म्हणाला. असं बहुतेकांना वाटतं, आणि दोन-तीन महिन्यांत ते जातं, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही.

नंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग आपलं जेवण. तुम्ही चिनूच्या उष्टावणाला पाठवलेली चांदीची वाटी आठवते? अभय आता तिच्यातच जेवतो. आधी अंडं किंवा मासा किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भाकरी. रोज निदान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत आणि वाटी तर एवढीशी, मग भाताला कुठून जागा? मऊ भाताचा गोळा तर त्याला अडकतोच. वाटी संपवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. घास जास्त झाला की त्याला एक शिंक येते. शिंक आली की ताट उचलायचं, हा घरातला नियम आहे. तुम्ही "हा एवढाच" म्हणू नका.

एका बाबतीत मात्र तुमचा विजय झालाय. जेवताना पाणी पिऊ नये, हे तुम्ही लग्नापासून मला सांगत आलात. आता ते अमेरिकेच्या डाएटिशियनने छापील कागदावर दिलंय, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. मी तो कागद फ्रिजवर लावलाय. तुम्ही आलात की दाखवीन, आणि तुम्ही काही बोलणार नाही अशी आशा आहे.

मंडळाच्या गणपतीचं तुमच्या कानावर आलंच असेल. शाळेच्या कॅफेटेरियात पंगत, आणि एक काकू द्रोण घेऊन उभ्या, "एका मोदकाने काय होतंय!" अभयने भिडेपोटी अख्खा खाल्ला, तोही भरभर. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, गाडीत आडवा. गूळ-खोबरं एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. जठराचं बायपास केलेल्यांना जास्त होतं, पण अभयसारख्या स्लीव्हवाल्यांनाही सोडत नाही. तासाभरात तो बरा झाला. काकूंचं मत दृष्ट लागली असं आहे.

बघून दचकाल अशा दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. केस खूप गळलेत. वजन झपाट्याने उतरलं की तीन-चार महिन्यांनी असं होतं आणि पुढे परत येतात. माक्याचं तेल आणायचं तर आणा, मालीश त्याला आवडेल, पण केस त्याच्या आधीच यायला लागलेत. मानेची कातडी सैल पडलीय. आणि ज्याला जानेवारीत पंखा लागायचा, तो आता घरात स्वेटर घालून बसतो आणि माझी नजर चुकवून हीटर वाढवतो. वजन १२१ वरून ९५ वर आलंय. मध्ये तिसऱ्या आठवड्यात काटा हलेचना, तेव्हा त्याने वजनकाट्यालाच लाथ घातली. असं अडणंही ठरलेलंच असतं म्हणे. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी करत आणल्यात, मास्क कपाटात गेलाय, शेजारी हसून बोलतात. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभर, बी-१२, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, त्यामुळे डब्या दोन आहेत. तुम्ही आवरायला घेतलंत तरी त्या एकीत ओतू नका.

लाडू आणा. नाही म्हटलं तरी आणालच. फक्त सुपारीएवढे वळा. चिनू आणि मी मोठेही खाऊ. सुकं मटण मात्र पिशवीत लपवू नका, विमानतळावर काढून घेतात आणि वर तुम्ही त्या ऑफिसरशी भांडाल. बॅगा उचलायला अभय येईल. पहिला दीड महिना त्याला साडेचार किलोच्या वर उचलायची बंदी होती, तेव्हा तांदळाचं पोतं मी आणि शेजारच्या वहिनींनी ओढत आणलं होतं. आता त्याला काही सबब नाही.

बाबांना नमस्कार, मावशींना हे पत्र वाचून दाखवा, पहिला भाग दोनदा.

तुमची सून,
मेघना

ता. क. अभयचा लग्नातला कोट तुमच्या कपाटात वरच्या खणात डांबरगोळ्या घालून ठेवलाय, तो घेऊन या. लक्ष्मीपूजनाला घालणार म्हणतो. बटण लागतं की नाही यावर चिनूची आणि माझी पैज लागलीय. मी 'नाही' म्हटलंय, तेव्हा सुई-दोरा घेऊन तुम्ही मध्ये पडू नका.