गाडी चांगली आहे, घेऊ नका

जाहिरात टाकून पाच मिनिटंही झाली नसतील, पहिला फोन आला.

“अ‍ॅव्हरेज किती देते?”

“आठ-नऊ.”

पलीकडे शांतता. मग जरा सहानुभूतीने, “शहरात ना?”

“नाही. कसारा घाटात. उतरताना.”

फोन बंद झाला. त्या संध्याकाळी असे अकरा फोन आले. इंजिन किती सीसीचं, असं एकानेही विचारलं नाही. आपल्याकडे माणूस विमान विकत घ्यायला गेला तरी आधी अ‍ॅव्हरेजच विचारेल.

मी विकत होतो ती मित्सुबिशी लान्सर सीडिया. २००७ सालची. चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जन्मलेली. १९९९ सीसी, ११५ अश्वशक्ती, मीटरवर २,१८,००० किलोमीटर. मॉडेलच्या नावातच कंपनीने ‘स्पोर्ट्स’ घातलेलं, म्हणून जाहिरातीत मीही ‘स्पोर्ट्स कार’ असं लिहिलं. बायकोने ते वाचलं आणि ती इतकी हसली की कणकेचा हात डोळ्यांना लावावा लागला. सोसायटीत या गाडीला सगळे ‘शिडी’ म्हणतात. ‘सीडिया’ हा शब्द वॉचमनच्या तोंडात एकदा जो वळला, तो पुन्हा सरळ झालाच नाही.

हिची एक थोर भावकी आहे. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन, जगभरच्या रॅल्या गाजवणारी, भिंतीवर पोस्टर लावावं अशी. तिच्या सातव्या ते नवव्या पिढीचा सांगाडा आणि माझ्या सीडियाचा सांगाडा एकाच घरातला. फरक इतकाच की तिला टर्बो आहे, चारही चाकं ओढतात आणि ताकद माझ्या गाडीच्या दुपटीहून जास्त. पण चुलतभाऊ कलेक्टर असला की आपणही जरा छाती काढून चालतोच की नाही? २०१२ मध्ये माझी सीडिया ६२,००० किलोमीटरवर ३ लाख ४० हजारांना घेतली आणि पुढची दहा-बारा वर्षं तिला कलेक्टर करण्यात घालवली.

इव्होसारखा पुढचा बंपर बसवला. कोन फिल्टर लावला. हेडर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. सतरा इंची अलॉय, दोन बकेट सीट. आणि डिकीवर इव्होचा तो भलामोठा पंख.

या पंखाबद्दल जरा सांगतो. वेगात हवेच्या दाबाने मागची चाकं रस्त्याला चिकटून राहावीत, यासाठी तो असतो. माझी गाडी ओढतात पुढची चाकं. मागची नुसती बरोबर येतात. म्हणजे हमाल पुढे घाम गाळतोय आणि पाटी मात्र मागून चालणाऱ्या पाव्हण्याच्या डोक्यावर, असा तो प्रकार. हे नाशिकच्या अंबडमधल्या माझ्या मिस्त्रीने पंख बसवायच्या आधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, “दिसायला?” तो म्हणाला, “दिसायला एक नंबर.” अठ्ठावीस हजार गेले. त्या पंखाचा प्रत्यक्ष उपयोग शेजारच्या काकूंना झाला. मे महिन्यात सकाळी ऊन पहिल्यांदा आमच्या पार्किंगवर येतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि एके दिवशी मी खाली उतरलो तर पंखावर सुती पंचा अंथरून त्यावर कुरडया. मी काही बोललो नाही. कुरडया आम्हालाही येतात.

विकायचं कारण पाठ. डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडात धरला, मणक्यावर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, “जिम करता का?” मी म्हणालो, “गाडी चालवतो.” खाली बसवलेल्या गाडीत खड्डा आणि माणूस यांच्यामध्ये फारसं काही उरत नाही. गंगापूर रोडवरचा एकेक गतिरोधक मी पोटाने ओळखतो. माझ्या नव्हे, गाडीच्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असं म्हटलं आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक कमिटीच्या बैठकीत हात वर करून ठरलेला. उंचीही साधारण तेवढीच. त्यावरून मी गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत नेत असे आणि मागे उभा स्कूटरवाला डोळे मिटून घेत असे.

तर किंमत.

मी रीतसर एक्सेल काढलं. मूळ गाडी ३ लाख ४० हजार. मॉडिफिकेशन ४ लाख १२ हजार, सगळ्या पावत्यांसह. त्यातून घसारा म्हणून, मन मोठं करून, दीड लाख वजा. ६ लाख २ हजार. वरचे दोन हजार घासाघीस करायला ठेवले.

बायकोने चष्मा लावून आकडे पाहिले. “अहो, गाडी विकताय की नुकसानभरपाई मागताय?” मग तिने स्वतःचा एक हिशेब मांडला, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. मी चालवलेले किलोमीटर १,५६,०००. भागिले नऊ. साधारण १७,३०० लिटर पेट्रोल. सरासरी पंचाऐंशी रुपये धरले तर पावणेपंधरा लाख. तिने पेन खाली ठेवलं आणि भाजी ढवळायला गेली. त्या आकड्यावर आमच्यात आजतागायत चर्चा झालेली नाही. ते कॅलेंडर मात्र तिने डिसेंबर उलटून गेला तरी टाकलेलं नाही.

विम्यावाल्यांचा हिशेब आणखी कोरडा. गाडी पाच वर्षांची झाली की विम्याच्या तक्त्यात तिची किंमत निम्म्यावर येते आणि त्यापुढे तक्ताच संपतो. कंपनी आणि मालक आपसात ठरवतील तो आकडा. अठरा वर्षांच्या गाडीबद्दल आपसात ठरवायचं म्हणजे मी लाख म्हणायचं आणि त्यांनी हसायचं.

द्वारका चौकाजवळच्या एका एजंटाकडे गेलो. त्याने गाडीला लांबूनच एक चक्कर मारली. “साहेब, मॉडिफाय केलीये म्हणजे हाणलेली असणार.” मी सांगितलं की २०१२ पासून गाडी माझ्या एकट्याच्या हातात आहे, मी बावन्न वर्षांचा आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पंखाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, आणि ती गाडीबद्दलची नव्हती. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मीटर मागे घेऊ. नव्वद हजारावर आणतो. मग बघू कोणी मिळतंय का.”

मला एकदम राग आला. २,१८,००० हा माझ्या दृष्टीने मोठेपणाचा आकडा होता. त्यात त्र्यंबकचा पावसाळा होता, पोराला बारावीच्या परीक्षेला सोडतानाची ती धावपळ होती, समृद्धी महामार्गावरची एक पहाट होती. तिथे वेगाची मर्यादा १२०. पोलिसांच्या यंत्राने मला १३७ वर टिपलं होतं. त्या दंडाचं चलन मी भरलं, पण छापून फाइलमध्येही ठेवलं. इतक्या म्हाताऱ्या गाडीच्या तब्येतीचा सरकारने दिलेला याहून चांगला दाखला कुठे मिळणार? मी एजंटाला म्हणालो, “मीटर मागे घेतलंत तर पाठही मागे घ्याल का?” त्याला कळलं नाही. त्याने दीड लाख सांगितले. ‘सगळं काढून, ओरिजिनल करून’ दिली तर एक सत्तर.

हे मला पचायला आठवडा लागला. चार लाखांचं सामान काढून टाकलं की गाडीची किंमत वीस हजारांनी वाढते! म्हणजे ज्याला मी दागिने समजत होतो, तो आजार होता आणि गिऱ्हाईक उपचाराचा खर्च कापून घेत होतं.

कायदाही त्याच बाजूचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ज्या स्वरूपात गाडीची नोंद करून दिली, त्यात मनाला येईल तसा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवताना पोलिसांचे फोटो पेपरात येतात. तसा फोटो आला की मी त्या दिवशी ऑफिसला रिक्षाने जात असे. २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, पेठ रोडच्या आरटीओत पुन्हा पासिंग करायचं होतं. मिस्त्रीने माळ्यावरून सगळं मूळ सामान उतरवून एका रात्रीत बसवलं. पाच हजार फी भरली, पर्यावरण कर भरला, साहेबांनी गाडी बघितली आणि म्हणाले, “वा, छान ठेवलीये. ओरिजिनल!” दुसऱ्या दिवशी ओरिजिनल पुन्हा माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी. विकायला काढली तेव्हा गाडीवर कायद्याला पटेल अशी नवी वस्तू एकच होती, ती म्हणजे एचएसआरपी नंबरप्लेट.

बघायला आलेल्यांपैकी एक बापलेक लक्षात राहिले. पोराला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालेला. त्याने गाडी बघितली आणि त्याचे डोळे असे झाले की मला क्षणभर सहा लाख दिसले. वडील मात्र माठ घेताना वाजवून बघतात तसे बोनेटवर टिचक्या मारत होते. सोबत त्यांचा मेकॅनिक. साठीचा, कानाला बिडी लावलेला. हा माणूस खरा. त्याने रंगाकडे, अलॉयकडे पाहिलंच नाही. आधी बोनेट उघडून फेंडरच्या बोल्टांची डोकी बोटाने चाचपली. पाना लागला असला की कडेचा रंग उडतो, म्हणजे पत्रा कधीतरी उघडला. मग गाडी चालू करायला सांगितली, ऑइलचं झाकण काढलं आणि त्या भोकावर तळहात धरला. असाच, देवघरातल्या निरांजनावर धरावा तसा. धूर येतो का, भपकारे येतात का, हे तो हाताने ऐकत होता. शेवटी डिपस्टिक काढली, ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला, वास घेतला आणि पँटला पुसला. मी श्वास रोखून उभा.

“इंजिन खणखणीत आहे,” तो मालकाला म्हणाला. “माणसाने जीव लावलाय. गाडी चांगली आहे, घेऊ नका.”

“का हो?” हे मीच विचारलं.

“काका, उद्या हेडलाइट फुटली तर कुठून आणायची? कंपनी गेली, गाड्या गेल्या. तुम्हाला बारा वर्षांत कोण कुठे काय विकतो, हे माहीत झालं. तुम्ही गाडीबरोबर येणार आहात का?”

पोरगा जाताना तीनदा मागे वळून बघत होता. मग ते एक पांढरी स्विफ्ट बघायला गेले.

भंगारवाल्याने मात्र कुठलाही अपमान केला नाही. त्याच्या लेखी ती साधारण बाराशे किलो होती, तीस रुपये किलो, छत्तीस हजार. हिशेब स्वच्छ. “कॅटकॉन आहे ना?” त्याने विचारलं. कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या आधी बसणारा तो डबा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असले महागडे धातू असतात. हेडर बसवताना मी तो काढून टाकला होता, ‘गाडीचा श्वास मोकळा व्हावा’ म्हणून. त्या डब्याचा भाव त्याने सांगितला आणि मी माळ्याकडे बघितलं. संबंध गाडीत सोन्याच्या तोलाची एकच वस्तू, आणि ती मीच काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, मखराच्या मागे टाकली होती.

शेवटी ती गेली रॅलीवाल्याकडे. सीडिया हे भारतीय रॅलीतलं जुनं घोडं; कितीतरी वर्षं आपल्या राष्ट्रीय रॅलीत हीच गाडी धुरळा उडवत होती, आमच्या नाशिकच्या माळरानांवरही. तिशीतला तरुण आला. गाडी चालू करायलाही सांगितली नाही. टॉर्च घेऊन सरळ खाली सरकला आणि वीस मिनिटं नुसते पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा खूश. “दादा, मागचं सस्पेंशन आणि गिअरबॉक्स मस्त आहे. मूळ सामान ठेवलंय का?”

मी माळ्याकडे बोट दाखवलं. मखर बाजूला झालं. बंपर उतरला, सायलेन्सर उतरला, स्प्रिंगा, कॅटकॉन, सगळं. त्याच्या डोळ्यांत तेच आलं जे त्या इंजिनीअरिंगच्या पोराच्या डोळ्यांत आलं होतं, फक्त माझ्या अडगळीकडे बघून.

दोन लाख दहा हजार. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या, ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, चार वाजून वीस मिनिटं. त्यानंतरच्या चलनाचा मालक तो. बायकोने चहा दिला आणि पैसे दोनदा मोजले.

निघण्याआधी त्याने टूलकिटमधून पाना काढला, डिकी उघडली आणि आतून चार बोल्ट सोडवले. पंख दोन्ही हातांत उचलून त्याने माझ्यापुढे धरला. “हे ठेवा तुम्हाला. उगाच वजन आहे.”

गाडी फाटकातल्या गतिरोधकावरून गेली. त्याने ती तिरकी केली नाही. पोटातून तो ओळखीचा खर्र आवाज आला आणि माझी पाठ, इथे उभ्या उभ्या, एकदा कळवळली.

पंख आता गच्चीवर आहे, दोन विटांवर. काकूंनी परवाच कुरडयांचा घाणा घातला. म्हणाल्या, पार्किंगपेक्षा इथे ऊन बरं लागतं, आणि वारा सुटला तरी पंचा उडत नाही.